एकतीस तारखेचं गरम सफरचंद

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ९

रुपालीचा फोन आला. म्हणजे केला मीच, पण बोलली ती. एकतीस तारखेला संध्याकाळी आठ वाजता आमच्या उत्कर्षाला घेऊन येणार आहे. राहायला नाही, नुसती येणार. बघते, म्हणाली. काय बघणार, विचारलं. घर, म्हणाली.

घराला काय झालंय? टीव्ही, मिक्सर आणि बेडरूमच्या दाराची कडी सोडली तर घर जसंच्या तसं आहे.

भाऊबीजेला माहेरी गेली ती अजून आलेली नाही. माहेर सहकारनगरला. कोथरूडहून रिक्षाने अर्धा तास. माहेर इतकं जवळ असणं हाच मूळ प्रॉब्लेम. माझ्या बहिणीला नांदेडला दिलंय. तिची भांडणं रेल्वेचं तिकीट कन्फर्म होईपर्यंत मिटतात.

आणि कारण काय, तर सोऱ्या. दिवाळीत चकल्या तुटत होत्या. मी मदत करत होतो हे कुणीच लक्षात घेत नाही. सोऱ्या हातातून सुटला. पितळी होता, त्यामुळे लांब गेला. खिडकीतून बाहेर, थेट खाली नागोराव चेअरमनच्या गाडीच्या टपावर. रुपालीच्या कानापासून चांगला वीतभर लांबून गेला. वीत म्हणजे नऊ इंच. नऊ इंच खूप असतात.

संकल्प: आजपासून राग बंद. तसा नव्हताच, पण बंद.

१५ डिसेंबर, सोमवार. रात्री ८

प्लॅन ठरला. लग्नानंतर आम्ही हिमाचलला गेलो होतो. बाहेर बर्फ. होमस्टेच्या मालकाने गरम सफरचंदाच्या रसात व्हिस्की घालून दिली होती. दालचिनी, लवंग, काय काय. रुपाली आयुष्यात दारूला शिवली नव्हती. त्या दिवशी दोन मग प्यायली आणि मालकाच्या कुत्र्याला अहो जाहो करत होती. मी इतका हसलो की बाकावरून पडलो. निघताना तिने त्याच्याकडून सहा काचेचे मग विकत घेतले. रेल्वेत छत्तीस तास मांडीवर धरून आणले.

काल फोनवर म्हणाली, तेव्हा तू हसायचास.

तर एकतीसला तेच पेय, त्याच मगात. बस्स. बाई पुन्हा घरात.

नोंद: दारूचा आणि माझ्या स्वभावाचा काही संबंध नाही. मी पिऊन कधी आवाज चढवलेला नाही. जे काही आहे ते पूर्ण शुद्धीतलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसात विक्रमला रेसिपी विचारली. दर वर्षी गोव्याला जातो, त्याला असलं सगळं येतं. त्याने कागदावर लिहून दिली. सफरचंदाचा रस मंद आचेवर, दालचिनी, लवंग, चक्रीफूल, थोडा मध. गॅस बंद. मग व्हिस्की. व्हिस्की उकळायची नाही. ‘उकळायची नाही’च्या खाली दोन रेघा.

मला रेघा मारून सांगितलेलं आवडत नाही.

खराडी ते कोथरूड दोन तास दहा मिनिटं. हॉर्न बिघडला. फार वाजवला असं गॅरेजवाला म्हणाला. हॉर्न वाजवायलाच असतो.

१७ डिसेंबर, बुधवार. रात्री ९

कपाटात मग शोधले. सहापैकी चार गेलेत, ते मला माहीत आहे. एक वर्ल्ड कपच्या फायनलला गेला. एक नळाला लागला. एक उत्कर्षाच्या आठवीच्या निकालाच्या दिवशी टेबलावरून गेला. एक आठवत नाही. म्हणजे दोन हवेत. कपाटात एकच!

म्हणजे एक रुपालीकडून फुटला. फुटला आणि मला सांगितलं नाही. बघा. मी कधी काही म्हणतो का? एकवीस वर्षं ऐकून घेतोय, आणि हिच्या हातूनही फुटतात. इतकं हलकं वाटलं की शीळ घातली.

एकतीसला हा विषय काढायचा. शांतपणे.

१८ डिसेंबर, गुरुवार

पहिली ट्रायल. खोक्यातला रस, आयती दालचिनी पावडर, व्हिस्की अंदाजाने. मायक्रोवेव्ह तीन मिनिटं. चव कफ सिरपसारखी. पावडर वर तरंगत होती. चमच्याने ढवळली, तरी तरंगत होती. पुन्हा ढवळली. तरी.

मग भिंतीवर गेला.

आता एकही नाही. भिंत तपकिरी. टाइल्सना काही नाही, टाइल्स चांगल्या घेतल्या होत्या मी.

१९ डिसेंबर, शुक्रवार

इंटरनेटवर वाचलं की राग आला की उशीला मारावं. मला राग येत नाही, पण माहिती असावी म्हणून करून पाहिलं. उशी फाटली. पुण्यात चांगली उशी मिळत नाही. कापूस पंख्यापर्यंत गेला.

दुसरा उपाय: एक ते दहा आकडे मोजणे. हा बरा वाटतो. फुकट आहे.

२० डिसेंबर, शनिवार. दुपारी ४

रविवार पेठेत बोहरी आळीला गेलो. सहा मग मिळाले, अगदी तसेच. कान जरा वेगळा, पण रुपालीला एवढं काय कळणार. दुकानदाराने प्रत्येक मग वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि जपून न्या, काच आहे, म्हणाला. काच आहे हे मला दिसत होतं. तरी मी काही बोललो नाही. प्रगती!

पिशवी हँडलला न लावता डाव्या हातात धरली. एका हाताने स्कूटर. इतकी काळजी.

नळ स्टॉपच्या सिग्नलला एकजण मागून आला आणि माझ्या चाकाला चाक लावून उभा राहिला. मी वळून पाहिलं. त्याने हात केला, म्हणजे जा की पुढे. पुढे बस होती. मी आकडे मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत आलो. पिशवी त्याच्या हेल्मेटला लागली.

पाचला पुन्हा लागली.

त्याला काही झालं नाही, हेल्मेट आयएसआय होतं. मला ओठाला दोन टाके. त्याच्या हातात छत्री होती. डिसेंबरात छत्री घेऊन फिरणाऱ्या माणसांचं काय करायचं, हे सरकारने ठरवायला हवं.

सहाच्या सहा मग गेले. पिशवी शाबूत आहे.

२१ डिसेंबर, रविवार

शेजारच्या नसीमबानू आल्या. रिटायर्ड शिक्षिका, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. पातेलंभर गाजर हलवा आणला होता. झाकणाचं, जाड बुडाचं, त्यांच्या आईच्या वेळचं पातेलं. ओठ बघून म्हणाल्या, पडलात का? मी म्हणालो, हो, पडलो. बरोबर, म्हणाल्या, तुमच्याकडे पडतं बऱ्याचदा काहीतरी.

काय म्हणायचं होतं त्यांना?

हलवा उत्तम. पातेलं परत द्यायला हवं, पण रिकामं भांडं परत द्यायची रीत नाही. हे सगळं रुपाली बघायची. लाडू, नाहीतर दोन लिंबं, काही नाही तर साखर तरी घालून द्यायची. मला घरात घालायला काही सापडलं नाही. ठेवून घेतलं. आमची पातेली तशीही बसत नाहीत गॅसवर, डुगडुगतात.

२४ डिसेंबर, बुधवार. रात्री ८

दुसरी ट्रायल. या वेळी खरी सफरचंदं, चार किलो. मिक्सर नाही (त्याचं भांडं श्रावणात जागचं हललं), म्हणून किसणीवर किसली. दोन किलोनंतर बोट किसलं गेलं. रक्त सफरचंदात. मी मोजायला लागलो. आठपर्यंत गेलो, हा माझा रेकॉर्ड.

मग एक सफरचंद खिडकीतून गेलं. मग आणखी तीन-चार, त्याच वाटेने.

उरलेली वरवंट्याने ठेचली. खूप बरं वाटलं. ओट्याची फरशी तडकली, पण ती मुळातच हलकी होती. बिल्डर चोर.

रस दोन वाट्या निघाला. नसीमबानूंच्या पातेल्यात गरम केला. व्हिस्की वेगळ्या भांड्यात घातली. त्यांच्या भांड्यात दारू नको, एवढं मला कळतं. मी काही रानटी नाही.

चव जवळपास आली! डोळे मिटले तर बर्फ दिसतो. उघडले तर भिंत.

२५ डिसेंबर, गुरुवार. सुट्टी

खाली बोर्डवर नोटीस. नागोरावांचं अक्षर.

‘चौथ्या मजल्यावरून फळे टाकणाऱ्या सभासदास नम्र विनंती: सोसायटीत माणसे राहतात. यापूर्वी सोऱ्या पडलेला आहे. पुढे काय पडणार आहे ते आधी कळवल्यास आम्ही गाडी हलवू.’

वाचून शांतपणे वर आलो. मग शांतपणे खाली गेलो. नोटीस निघाली. बोर्डही निघाला. तो दोन खिळ्यांवर होता, निघणारच. नागोराव आले. परभणीचा माणूस, आवाज दांडगा. बोर्ड खाली ठेवा, म्हणाले. मी ठेवला. त्यांच्या पायावर ठेवला गेला. मग त्यांनी माझी कॉलर धरली आणि मी त्यांची, आणि दोघं मिळून बाकावरून तुळशीवृंदावनात. तुळस गेली. सोसायटीच्या बायका वरून बघत होत्या, जणू काही आम्ही भांडत होतो.

संध्याकाळी उत्कर्षाचा मेसेज. कुणीतरी तिला फोटो पाठवला होता. तिने एवढंच लिहिलं होतं: बाबा, आपल्या सोसायटीत सगळं आपोआप पडतं का?

अकरावीला आल्यापासून मुलगी फार उद्धट झालीय. आईचं वळण.

२७ डिसेंबर, शनिवार

रुपालीला फोन. एकतीसचं नक्की ना, विचारलं. नक्की, म्हणाली. मी म्हणालो, मी बदललोय. तिने विचारलं, ओठाला काय झालं? तिला कसं कळलं देव जाणे. मी म्हणालो, छत्री लागली.

मग म्हणाली, दत्ता, मला तुझी भीती वाटते रे.

माझी! मी आजपर्यंत तिच्यावर बोट उचललेलं नाही. वस्तूंवर उचललं असेल. वस्तूंना कुठे लागतं? हे मी तिला समजावून सांगितलं. जरा जोरात सांगितलं, कारण रेंज नव्हती. फोन ठेवला तिने.

माझा फोनही ठेवला गेला. स्क्रीनला रेघ आलीय, पण दिसतं.

२९ डिसेंबर, सोमवार

भिंत पुसली. गेली नाही. तिच्यावर कॅलेंडर लावलं. तडकलेल्या फरशीवर ताट ठेवलं. कडीच्या जागी सुतळी बांधली. उशीतला कापूस वेचला. लांबून पाहिलं तर घर नॉर्मल दिसतं. रुपालीला चष्मा आहे, पण जवळचा.

मग स्टीलचे घेतले. सहा. हे आयुष्यात फुटणार नाहीत. दुकानात एक आपटून बघितला. दुकानदार म्हणाला, साहेब, विकत घेऊन आपटा.

आजपर्यंत पंधरा दिवस राग आलेला नाही. इतिहासात पहिल्यांदा.

३१ डिसेंबर, बुधवार. सकाळी ७

आज. दाढी, निळा शर्ट. सफरचंदं काल रात्रीच चिरून साखर लावून नसीमबानूंच्या पातेल्यात ठेवली आहेत. चार वाजता निघतो. सहाला घरी. दोन तास मंद आच. आठला दार उघडायचं, हातात दोन मग. काही बोलायचं नाही. फक्त हसायचं. आरशात हसून पाहिलं. टाके ओढले जातात, पण चालेल.

रात्री साडेनऊ

नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी मला दोष देणार नाही.

चारला निघता आलं नाही. मॅनेजरने कॉल लावला. सव्वापाचला निघालो. येरवड्याला वीस मिनिटं एका जागी. एका रिक्षाचा आरसा वाकला, त्यात पंधरा मिनिटं. घरी सात दहाला. आठला पन्नास मिनिटं राहिलेली.

सफरचंदं दगड. मंद आच करायला वेळ कुठे? आपल्याकडे जे वेळेत शिजत नाही ते कुकरला लावतात. राजमा, छोले, काय बिघडतं? सगळी सफरचंदं पातेल्यातून कुकरमध्ये ओतली. दालचिनी, लवंगा, चक्रीफूल, मध. वास नीट मुरावा म्हणून व्हिस्कीही आताच घातली. अख्खी बाटली. विक्रमच्या दोन रेघा आठवल्या. विक्रमचं अजून लग्न व्हायचंय, त्याला काय कळतं. तीन शिट्ट्या ठरवल्या.

पहिली शिट्टी झाली. वास असा सुटला की हिमाचल! मी खरंच हसलो. एकटाच उभा राहून हसलो. रुपाली आता जिना चढत असेल असं वाटलं.

दुसरी शिट्टी अर्धवट झाली आणि गप्प. साल अडकलं असावं. मी कुकरकडे बघत होतो. कुकर गुरगुरत होता. मी शिट्टी जरा वर केली.

मग निळा जाळ. ओट्यापासून एक्झॉस्टपर्यंत. डावी भुवई गेली. शिट्टी कॅलेंडरमधून आरपार, सफरचंद छताला. छतावरून माझ्या डोक्यात, उकळतं. गॅस कसा बंद केला आठवत नाही. धूर इतका की पुढचं दार सताड उघडलं.

पावणेआठ झाले असतील. अर्धा कुकर तरी भरलेला असणार, दोन मग सहज निघाले असते. पण झाकण निघेना. ओढलं. फिरवलं. ओट्यावर आपटलं. मी मोजत होतो, मोठ्याने, एक ते दहा, संकल्पाप्रमाणे. दहा झाले की पुन्हा एक. हाताला जे लागलं त्याने झाकणावर मारलं. किती वेळ ते माहीत नाही. खांदा अजून दुखतोय. कुकरला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. कुकरला आणि दोन-चार जणांना.

शेवटी झाकण निघालं. आत एक लवंग.

ओटा पुसला, शर्ट बदलला, स्टीलचे मग मांडले. सव्वाआठ. साडेआठ. नऊ. कुणी नाही. फोन उचलत नाही. एवढा सतरा दिवस राग आवरला मी, आणि बाईला एक वेळ पाळता येत नाही. मग म्हणतात माझी चूक. मी इथे भाजलेल्या कानाने बसलोय, दार उघडं टाकून, आणि ती तिकडे माहेरी टीव्ही बघत असेल. त्यांच्याकडे टीव्ही आहे.

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ११

दूध घ्यायला दार उघडलं. चपलांच्या कपाटावर काहीतरी ठेवलेलं. रुपालीची निळी ओढणी, गाठोड्यासारखी बांधलेली. सोडली. आत काचेचा मग. हिमाचलचा. कानाजवळ बुडबुडा आहे, तो मी ओळखतो.

तिच्याकडून फुटला नव्हता.

नसीमबानू झाडत होत्या. त्यांनी झाडू ठेवला. म्हणाल्या, काल पावणेआठला आवाज सुरू झाला म्हणून मी बाहेर आले, तर दोघी दारात उभ्या होत्या. दार उघडंच होतं. तुमची पाठ होती. रुपालीने बेल वाजवायला हात वर केला होता, तो तसाच राहिला.

मी विचारलं, किती वेळ?

तुम्ही चार वेळा दहापर्यंत मोजलंत तितका वेळ, म्हणाल्या. मग मी त्यांना आत बोलावलं. चहा केला. चहा होईपर्यंत तुमचं चालूच होतं. मी म्हणाले, हाक मारू का त्यांना? रुपाली म्हणाली, नको.

आणि उत्कर्षा?

तिने कानांवर हात ठेवले होते.

मगाचंही त्यांनीच सांगितलं. भाऊबीजेला बॅगेत घालून नेला होता. एक तरी राहावा म्हणून. काल दोघांनी दोन मगांतून चहा प्यायचा असं तिच्या मनात होतं, एक तिच्याकडचा, एक माझ्याकडचा. जाताना ठेवून गेली. का ठेवला ते नसीमबानूंना माहीत नव्हतं.

घरात आलो. मग टेबलावर ठेवला. लांब बसलो. मग आणखी लांब बसलो. दुपारी विक्रमचा फोन येईल, संध्याकाळी नागोराव बोर्डाच्या खर्चाचं बोलायला येतील, उद्या खराडी. दिवसाचा अंदाज घेतला. मग संध्याकाळपर्यंत टिकेल असं वाटेना.

नसीमबानूंचं पातेलं धुतलं. नीट पुसलं. त्यात ओढणी घातली, ओढणीत मग, वर झाकण ठेवलं. झाकण नीट बसेना. दोन्ही हातांनी धरून त्यांच्या दारात नेलं.

रिकामं द्यायचं नसतं म्हणून, म्हणालो. तुमच्याकडे ठेवा. ती मागेल तेव्हा तिला द्या. मी मागितला तर देऊ नका.

त्यांनी झाकण उचललं, मग पाहिला, झाकण पुन्हा ठेवलं. मग पातेलं उजेडाकडे फिरवलं. एका बाजूने पार आत गेलं होतं. आईच्या वेळचं. अंगठा फिरवत म्हणाल्या, याला पोचा कसा आला?

मी म्हणालो, मी पाडला.